साडूंनी बदललेली फोनोची मोटार

चहा यायच्या आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसताना कुणाच्या बशीतून सांडायला नको. फजिती माझीच आहे. तीही साधीसुधी नाही. विचार करून, तयारीनिशी, एस.टी.चं तिकीट काढून केलेली आहे. पण एक सांगतो, माझा राग अजून पुरता गेलेला नाही. तो नेमका कुणावर धरायचा ते तुम्ही ठरवा, माझं काही ठरत नाही.

मी साताऱ्याला हायस्कुलात विज्ञान शिकवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. विद्युत मोटार हा माझा हातखंडा धडा. चुंबकाचे दोन ध्रुव, मध्ये तारेची गुंडाळी, गुंडाळीला टेकलेले कार्बनचे दोन ब्रश. ही आकृती मी फळ्याकडे न बघता काढतो. इन्स्पेक्टर यायचे असले की हेडमास्तर मला हाच धडा घ्यायला लावतात. आता अशा माणसाला मोटारीतलं काय कळत नाही, असं कोण म्हणेल?

कोण म्हणालं ते पुढं येईलच.

आमच्या घरी एक विजेवर चालणारा फोनो होता. हातानं चावी द्यायचा नव्हे, भिंतीत वायर खुपसायची, बटण दाबायचं, की तबकडी फिरायला लागायची. पाचगणीच्या एका शाळेतल्या गोऱ्या बाई देश सोडून निघाल्या, तेव्हा त्यांनी सामान विकायला काढलं. त्यातून सुमननं, म्हणजे माझ्या पत्नीनं, तो हट्ट धरून घेतला होता. भली मोठी लाकडी पेटी, तबकडीवर हिरवी मखमल, आणि आत कुठंतरी मोटार. ‘आत कुठंतरी’ असं म्हणतोय, कारण इतक्या वर्षांत मी पेटीच्या आत डोकावलो नव्हतो. फोनो तिचा होता. मी दुपारी शाळेतून आलो की ती रेकॉर्ड लावायची आणि मी त्याच खोलीत पेपर तपासत बसायचो. एवढाच माझा फोनोशी संबंध.

सुमन गेली ती आषाढात. त्याबद्दल मी फारसं बोलत नाही. आजारी पडली आणि गेली.

तिच्या माहेरचं म्हणून आता एकच घर उरलं होतं, तिच्या धाकट्या बहिणीचं, शकूचं. शकू सांगलीला दिलेली. तिचे यजमान, म्हणजे माझे साडू, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. गावाबाहेर त्यांचा ऊस, गावात घर, आणि गल्लीच्या गणपती मंडळात त्यांचा शब्द म्हणजे हुकूम. माणूस तसा चांगला. पण साडू म्हणजे काय असतं, हे लग्न झालेल्यांना सांगायला नको. भाऊ असता तर भांडून मोकळा झालो असतो, मित्र असता तर तोडून टाकला असता. साडूचं दोन्ही करता येत नाही.

त्या वर्षीच्या गणपतीच्या आधी शकू आली. म्हणाली, ‘दाजी, अक्कानं मंडळाला शब्द दिला होता. फोनोची मोटार देखाव्याला देते म्हनाली होती.’ देखाव्यात गणपतीच्या मागं पुठ्ठ्याचं मोठं चक्र करायचं, त्याला चांदीचा कागद चिकटवायचा आणि ते मोटारीवर फिरवायचं, असा बेत होता. फोनोची मोटार ताकदीला बेताची, पण पुठ्ठा हलका. शिवाय तिचा वेग कमीजास्त होत नाही, चक्र झोकात फिरतं. सुमनचा शब्द म्हटल्यावर मी काय बोलणार? सुभेदारांनी पेटी उलटी करून आमच्या अंगणात मोटार सोडवली. मी आत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. म्हणजे तोंडासमोर धरून बसलो होतो. अनंतचतुर्दशी झाल्यावर मोटार गोणपाटात बांधून परत आली. मी ते गाठोडं न सोडता तसंच माळ्यावर ठेवून दिलं.

दुसऱ्या वर्षी आषाढात तिचं वर्षश्राद्ध झालं. शकू आणि सुभेदार आले, जेवले, गेले. घर पुन्हा गप्प झालं. मला काय वाटलं कोण जाणे, मी माळ्यावर चढलो, गाठोडं काढलं, मोटार माझ्या हातानं पेटीत बसवली. म्हटलं, तिची एक रेकॉर्ड लावू या. एक वर्ष ऐकली नव्हती.

बटण दाबलं. आतून आवाज आला, ‘ऊंऽऽऽ’.

तबकडी जागची हलली नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा ‘ऊंऽऽऽ’. एखाद्या माणसाला तुम्ही काहीतरी विचारावं, त्यानं ‘हूं’ करावं आणि जागचं उठू नये, तसला प्रकार. मी तेल घातलं. वायर बदलली. बटण बंद करून तबकडी हातानं फिरवली, तर लोण्यात सुरी जावी तशी फिरली. बटण चालू केलं की बसली घुम्यासारखी. चालू असताना तिला हात लावायचा तर प्रश्नच नव्हता. वीज चालू असताना यंत्राला हात लावायचा नाही, हा माझा शाळेतही नियम आणि घरातही. त्यासाठी मी पोरांच्या हातावर छड्या मारल्या आहेत. मी स्वतः तो मोडू?

मग मी मोटार बाहेर काढली आणि शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन टेबलावर उघडली. आणि काय सांगू तुम्हाला, माझ्या डोक्यात जाळच झाला.

ती मोटारच नव्हती. ब्रश नाहीत. एकही नाही! चुंबकाचे ध्रुव नाहीत. फिरणारी गुंडाळी नाही. मधोमध नुसतं एक लोखंडी कडं, त्याला बाहेरून करवतीसारखे दाते, आणि भोवती तारेची दोन जाडजूड वेटोळी, जागच्या जागी बसलेली. माझ्या आकृतीतलं एक अक्षर तिथं नव्हतं. मी पुस्तक आणून शेजारी ठेवलं. पुस्तकातली मोटार आणि टेबलावरचा ऐवज यांची ओळख परेड केली. तुम्हीच सांगा, यातला खोटा कोण? छापलेलं पुस्तक?

मधल्या सुट्टीत मास्तर मंडळी जमली. कुणी म्हणालं हे पिठाच्या गिरणीतलं आहे. कुणी म्हणालं सिनेमाच्या थिएटरातल्या पंख्याचं. मी बटण दाबून दाखवलं. चित्रकलेच्या मास्तरांनी कान लावला आणि म्हणाले, ‘गुणगुणतंय, पण कामाला उठत नाही. हे आपल्याच खात्यातलं दिसतंय.’ सगळे हसले. मला हसू आलं नाही. कारण माझ्या डोळ्यांपुढं सगळं लख्ख उभं राहिलं होतं. विलायती, उंची, गुंडाळी आणि ब्रशवाली माझी मोटार साडूंनी ठेवून घेतली, आणि हे भंगार गोणपाटात बांधून माझ्याकडं पाठवलं. एका दुःखातल्या माणसाकडं! तो गाठोडं सोडणार नाही, हे ओळखून!

आता त्यांना ती कशाला हवी होती? हाही प्रश्न मला पडला, आणि उत्तरंही भरपूर सुचली. एक दिवस ती मला त्यांच्या गुऱ्हाळावर दिसायची, एक दिवस उसाला पाणी पाजताना. रात्री अंथरुणावर पडलो की सुमनच्या फोनोच्या मोटारीवर सुभेदार कडबा तोडताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर यायचं आणि मी उठून बसायचो.

मी पत्र टाकलं. ‘आपण परत केलेले यंत्र हे आम्ही दिलेले यंत्र नव्हे. कृपया खुलासा करावा.’ शुद्ध, संयमी, एकही वावगा शब्द नाही. उत्तर कार्डावर आलं. सुभेदार बोलतात तसंच लिहितात. ‘मोटार तीच हाय. गणपतीला या. औंदा ऊस चांगला हाय.’

ऊस! मी चोरीबद्दल विचारतोय आणि हा गृहस्थ मला उसाची खुशाली कळवतोय! मग मात्र माझा संयम सुटला. दुसऱ्या पत्रात मी लिहिलं की, ज्यांनी मृत माणसाच्या वस्तूलाही सोडलं नाही, त्यांनी यापुढं आमचा उंबरा चढू नये. संबंध संपले. पत्र पेटीत टाकलं आणि घरी आलो. आल्यावर मला जाणवलं की आता दिवाळीला माझ्याकडं येणारं जगात कुणी उरलं नाही. सुमनचं नाव ‘अक्का’ म्हणून घेणारंही कुणी नाही. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

त्या पत्राला उत्तर आलं नाही.

गणपती बसले. चित्रकलेचे मास्तर सांगलीला त्यांच्या बहिणीकडं जाऊन आले आणि मला म्हणाले, ‘तुमच्या साडूंच्या मंडळाचं चक्र काय फिरतंय हो! बघत राहावं असं.’

मी खडू खाली ठेवला. चक्र फिरतंय? यंदा तर त्यांनी माझ्याकडून मोटार नेलेली नाही. मोटार नसताना चक्र फिरत नाही. ज्या अर्थी चक्र फिरतंय, त्या अर्थी मोटार आहे. ज्या अर्थी ती यंदा माझ्याकडून गेलेली नाही, त्या अर्थी ती गेल्या वर्षीच तिथं राहिलेली आहे. कुठं फट आहे का यात? भूमितीच्या प्रमेयालासुद्धा यापेक्षा जास्त शंका असतात. मी रजेचा अर्ज दिला, पुराव्याचं गाठोडं उचललं आणि सकाळची सांगलीची गाडी धरली.

गाडीत ते गाठोडं मांडीवर. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. मी म्हटलं, पुरावा आहे. त्यानं तिकीट फाडलं, पण कराडपर्यंत माझ्याकडं संशयानं बघत होता. शेजारी म्हसवडकडचा एक म्हातारा बसला होता. त्यानं गोणपाटावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘काय हाय ह्यात? जातं हाय व्हय?’

मी म्हटलं, ‘मोटार आहे. चोरांना परत द्यायला चाललोय.’

‘चोरानं नेली?’

‘नाही, चोरांनी दिली.’

म्हाताऱ्यानं गोणपाटावरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, ‘चांगला चोर हाय की,’ आणि कराडला जागा रिकामी होताच उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

सांगलीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. घरी गेलोच नाही, सरळ मंडळाच्या मांडवात. दुपारची वेळ बायकांची. पोरंबाळं घेऊन निम्मी गल्ली जमली होती. पुढं गणपती, मागं काळ्या कापडाचा पडदा, पडद्याला गोल भोक, आणि त्या भोकात गणपतीच्या डोक्यामागं चांदीचं चक्र गरगर फिरतंय. खरंच सुंदर फिरत होतं. त्यामुळं तर माझ्या अंगाची आणखी आग झाली. मी चपला काढल्या. राग आपल्या ठिकाणी, देव आपल्या ठिकाणी. मग व्यासपीठावर चढलो, गणपतीला नमस्कार केला आणि लोकांकडं वळून, मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय असलेल्या माणसानं बोलावं तसा बोललो.

‘हे चक्र चोरीच्या मोटारीवर फिरतं आहे. आत्ता दाखवतो.’

आणि पडदा ओढला.

पडद्यामागं मोटार नव्हती. सायकल होती. स्टँडवर उभी केलेली सायकल, तिच्या मागच्या चाकाला पुठ्ठ्याचं चक्र बांधलेलं, आणि सायकलीवर माझे साडू. गंजिफ्रॉक, फौजेतली खाकी अर्धी चड्डी, घामानं निथळत, मिशा सरळ, नजर समोर, पायडल मारत होते.

‘या मास्तर,’ सुभेदार म्हणाले. पाय थांबले नाहीत. ‘बसा जरा. माजी ड्यूटी संपंस्तवर उतरता येत न्हाई.’

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हाही देखाव्यातलाच भाग आहे. गणपती, त्यामागं चक्र, आणि त्यामागं मिशीवाला माणूस सायकल मारतोय! एवढा मोठा देखावा मंडळानं लपवून का ठेवला होता, असं म्हणत पोरं पुढं घुसली.

मी मात्र माघार घेणारा नव्हे. मी गोणपाट सोडलं आणि ते लोखंडी कडं सर्वांना दिसेल असं उंच धरलं. ‘मग माझी मोटार कुठं आहे?’

‘तुमच्या हातात हाय की.’

‘ही माझी नव्हे.’

‘बरं,’ सुभेदार म्हणाले. आता मात्र ते थांबले, एक पाय जमिनीला टेकवला आणि अगदी खरोखर माहिती हवी असल्यासारखं विचारलं, ‘मग तुमची कशी व्हती?’

मी तोंड उघडलं. ‘माझी’ एवढं म्हणालो. पुढं फळ्यावरची आकृती आठवली. तीच सांगायला लागलो, दोन ध्रुव, दोन ब्रश.

‘ते पुस्तकातलं झालं. तुमची. तुमच्या घरची. तुमी बगितली व्हती का कवा?’

ज्या मोटारीसाठी मी नातं तोडलं होतं, तिचं मी तोंडही पाहिलेलं नव्हतं. चोरीला गेलेल्या गाईचं वर्णन विचारावं आणि मालकानं प्राणिशास्त्राचा धडा वाचून दाखवावा, अशी माझी गत. पण कबूल करील तो मास्तर कसला? मी म्हटलं, ‘ही फिरत नाही. नुसती गुणगुणते. मी स्वतः तपासली आहे.’

‘गुणगुणनारच ती,’ मागून शकूचा आवाज आला.

शकू केव्हा येऊन उभी राहिली होती कळलं नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पाणी हवं का, केव्हा निघालात, काही नाही. माझ्या हातातून मोटार घेतली, मांडवातल्या फळीवर ठेवली, वायर लावली आणि बटण दाबलं. ‘ऊंऽऽऽ’. मी विजयानं सगळीकडं बघितलं. तेवढ्यात तिनं बोटानं त्या कड्याला एक टिचकी दिली, जरा जोरात. कडं फिरलं, क्षणभर अडखळलं, आणि मग जे पळायला लागलं ते थांबेचना. गुणगुणणंही बंद.

‘वीज चालू असताना हात लावलास?’ मी म्हणालो.

‘लावावाच लागतो, दाजी. ही आपणहून उठत न्हाई. हिला कुनीतरी उठवावं लागतं. एकदा उठली की मग दमत न्हाई.’ मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. ‘अक्का रोज उठवायची. तुमच्या समोर. तुमी तिथंच बसलेले असायचा.’

‘मी कधी पाहिलं नाही.’

‘तुमी रागवाल म्हनून ती बोटावर पदर घ्यायची. पुसल्यासारखं करायची आन् ढकलायची. मला म्हनायची, मास्तरांना वाटतं मी धूळ पुसते.’

मला तसंच वाटत होतं. मी एकदोनदा तिला म्हणालोही होतो की, किती पुसशील त्या पेटीला, मखमल झिजेल. ती हसायची. कशाला हसते, हे मला आता सांगलीला, निम्म्या गल्लीसमोर, सुभेदारांच्या सायकलीशेजारी उभं राहून कळलं.

अशा मोटारी असतात. नंतर मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाड पुस्तकात शोधून काढलं. विजेच्या प्रवाहाला एक ताल असतो, त्या तालावर ही मोटार चालते. एकदा ताल धरला की सोडत नाही, पण पहिलं पाऊल स्वतः टाकत नाही. जुन्या फोनोंना कधी कधी तशी बसवत. आता माझा सवाल असा आहे की, ज्या गोऱ्या साहेबानं ती बनवली, त्याला पेटीवर ‘बोटाने ढकला’ एवढं लिहायला काय झालं होतं? आणि आमच्या क्रमिक पुस्तकात तिला एक ओळ द्यायला काय झालं होतं? पण तिथं मांडवात हे सवाल कुणाला विचारणार? मी खाली बसलो आणि मोटारीची वायर नीट करायला लागलो. ती नीटच होती.

शकू म्हणाली, ‘यंदा मोटार मागनार होतो. पन तुमचं पत्र आलं. उंबऱ्याला पाय लावू नका म्हनालात, मग मागायची कुनाच्या तोंडानं? म्हनून ह्यांनी सायकलीचं काढलं. गल्लीतली मानसं पाळीपाळीनं बसत्यात. अक्काचा शब्द होता ना मंडळाला, चक्र फिरलं पायजे म्हनून.’

‘पाय गेलं माजं,’ सुभेदार सायकलीवरून म्हणाले. ‘चीनच्या लढाईत एवढं दमलो न्हवतो.’

मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. माफी मागितली असेल. शकू म्हणते, मागितली नाही, नुसतं ‘ती खरंच पुसत नव्हती तर’ असं दोनदा म्हणालो. त्यावर ती म्हणाली, चला घरी, जेवायचं राहिलं असेल. एवढ्यावर तो संबंध पुन्हा सुरू झाला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. एखाद्या शहाण्या माणसाची असती तर संपली असती.

जेवून परत आलो तर मंडळानं सायकल काढून गेल्या वर्षीची लाकडी चौकट उभी केली होती. मोटार चौकटीला, चक्र मोटारीला. आरतीची वेळ होत आली, मांडव भरला. शकू म्हणाली, यंदा पहिला धक्का दाजींनी द्यावा, अक्काच्या नावानं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही बरं वाटलं. पण बरं वाटलं की माझ्यातला मास्तर जागा होतो, हा माझा जुना आजार. तेवढ्यात शकूनं बजावलं, ‘बगून ढकला हां. ही ज्या बाजूला ढकलावी त्या बाजूला पळती.’

आता हे मला सांगायला हवं होतं का? दुपारी जरा इज्जत गेली होती, ती परत मिळवायची हीच वेळ. मी पडद्याबाहेर आलो आणि जमलेल्या मंडळींना दोन शब्द सांगितले. म्हटलं, या मोटारीला स्वतःची दिशा नाही. दिशा माणसानं द्यायची असते. देवाची प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्याप्रमाणं असते, म्हणून देवाचं चक्रही घड्याळाच्या काट्याप्रमाणंच फिरलं पाहिजे. शास्त्र आणि विज्ञान इथं एक होतात. लोकांना पटलं. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. मी पडद्यामागं गेलो, चक्रासमोर उभा राहिलो, बटण दाबलं, आणि मनगटावरचं घड्याळ एकदा बघून, काटे जातात त्या बाजूला चक्राला झकास धक्का दिला.

चक्र पळालं. काय पळालं म्हणता! चांदीचा कागद लखलखला. ढोलकीवर थाप पडली, आरती सुरू झाली. मी पडद्यामागं हात जोडून उभा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी हललं होतं.

दोन कडवीही झाली नसतील, आणि पुढची आरती विस्कटायला लागली. एकेक आवाज गळत गेला. शेवटी ढोलकीही थांबली. आणि गल्लीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या कृष्णाबाईंचा आवाज आला.

‘आरं थांबवा ते. देवाचं चाक उलटं फिरतंय. गणपती हाय का सराद?’

मी पडद्याच्या मागं उभा होतो ना. मागून जे घड्याळाप्रमाणं, ते पुढून बघणाऱ्याला उलटं. हे सहावीतल्या पोराला कळतं. शास्त्र आणि विज्ञान यांची सांगड घालणाऱ्याला कळलं नव्हतं. अख्ख्या मांडवादेखत मी विघ्नहर्त्याच्या मागं चक्र अपसव्य सोडलं होतं, श्राद्धात जानवं उजव्या खांद्यावर घेतात तसं.

आणि ‘सराद’ हा शब्द. वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. कृष्णाबाईंनाही माहीत असावं, कारण त्या गप्पच झाल्या. पडद्यामागं मी, हातात काही नाही, समोर चक्र सुसाट उलटं चाललेलं. ते थांबवावं हेही सुचेना.

पहिल्यांदा हसली ती शकू. आधी पदर तोंडाला लावून, मग लावायचा सोडून. मग सुभेदार. मग सगळा मांडव. आणि खरं सांगतो, मग मीही. पडद्यामागं एकटा उभा राहून, चष्मा काढून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. वर्षभरात हसलो नव्हतो, ते सगळं तिथंच निघालं.

सुभेदार पडदा बाजूला करून आत आले. बटण बंद केलं, चक्र थांबू दिलं, मला खांद्याला धरलं आणि फौजेतल्या आवाजात म्हणाले, ‘मास्तर, पीछे मुड. चला पुढं, समोर बसा. हिथलं आमी बगतो.’

आता अनंतचतुर्दशी झाली की मोटार साताऱ्याला येते आणि पुढच्या श्रावणापर्यंत पेटीत असते. दुपारी मी फोनो लावतो. बटण दाबतो, ती ‘ऊं’ करते, मी बोटानं उठवतो. माझा नियम मोडून. घरी कधी उलटी फिरली नाही, कारण घरी तबकडी आडवी असते आणि तिला पुढची बाजू-मागची बाजू नसते.

गणपतीला मी दरसाल सांगलीला जातो. मोटार सुमनची, ती पोचवतो मी, तेलपाणी करतो मी, आणि ती कोणत्या जातीची, का गुणगुणते, का उठत नाही, हे सांगणारं व्याख्यानही दरवर्षी मंडळ माझ्याकडून ऐकून घेतं. एवढं सगळं असून धक्का मात्र कुणीही द्यावा, शकूनं द्यावा, कृष्णाबाईंनी द्यावा, कालच्या पोरानं द्यावा. मी नुसता उठलो की सुभेदार पडद्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात. आता या अन्यायाबद्दल रागवायचं नाही, तर कशाबद्दल रागवायचं?